पद्माक्काच्या घरचा सूर्यास्त

आवट्यांच्या घरी सूर्य गल्लीच्या आधी मावळायला लागला, ही बातमी पहिल्यांदा लागली ती गल्लीतल्या कुत्र्यांना. उरलीसुरली भाकरी दाराबाहेर पडायची वेळ अलीकडं सरकली होती. माणसांना कळायला वेळ लागला, कारण माणसं घड्याळ बघतात आणि कुत्री पद्माक्काकडं बघतात.

कृष्णाकाठचं गाव, सांगलीहून एसटीनं अर्धा तास. बस्तीच्या मागं, म्हणजे जैन मंदिराच्या मागं, ही गल्ली. गल्लीचा नेम असा की दिवस असेतोवर जेवायचं, पाणीसुद्धा तेव्हाच प्यायचं. अंधारात ताटात एखादा जीव पडला, दिसला नाही आणि पोटात गेला, तर त्याचं पाप कुणाच्या माथी? त्यामुळं थंडीच्या दिवसांत साडेपाचच्या आसपास सगळ्या घरांतून ताटांचे आवाज यायचे आणि सहाच्या आत भांडी पालथी पडायची. इतकी वर्षं पद्माक्काही या सगळ्यांबरोबरच होती. त्या वर्षी मात्र ती एकटीच पुढं निघाली.

आधी ताटं पाचला आली. मग त्याच्याही अलीकडं. दिवाळीनंतर एक दिवस तिचे यजमान पायगोंडाअण्णा हळदीच्या रानातून चहा प्यायला म्हणून घरी आले, तर पुढ्यात आमटी-भात.

"अगं, मी चहाला आलोय."

"चहा कसला आता? दिवस गेला की."

"कुठं गेला? बाहेर ऊन हाय."

"ते ऊन न्हाई. ऊन मगाशीच गेलं. नुसता उजेड उरलाय त्याचा."

अण्णांनी बाहेर बघितलं. अंगणात त्यांचीच सावली चांगली ठळक पडली होती. पण बायकोशी वाद घालून जेवण थंड करायचं की गरम असताना जेवून घ्यायचं, याचा निकाल त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात लावून टाकला होता. ते जेवले. दिवेलागणीला पोट गुरगुरायला लागलं तेव्हा पाणीही पिता येईना. बिचारे कूस बदलून झोपले.

मुलगा भरतेश सांगलीत द्राक्षबागेच्या औषधांचं दुकान चालवायचा. त्यानं येताना स्टँडजवळ भेळ खाऊन यायचं धोरण ठेवलं. सून दीपाली हायस्कुलात शिकवायची. ती शाळा सुटल्यावर धावतपळत घरी यायची, तेव्हा मोरीत भांडी घासून पालथी घातलेली असायची.

"उशीर झाला बाई तुला," पद्माक्का म्हणायची. "उद्यापासनं डबा थोरला ने."

उजेड लवकर जातो याला पद्माक्काकडं कारणं तयार होती. साखर कारखान्याचा धूर वाढला. ऋतू बिघडले. बल्ब पूर्वीसारखे येत नाहीत. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे समोरच्या त्रिशलाक्का चौगुलेनं गेल्या वर्षी घरावर माडी चढवली, तिनं उजेड अडवला. त्रिशलाक्काची माडी पूर्वेला आणि सूर्य मावळतो पश्चिमेला, हे पद्माक्काला सांगायची छाती गल्लीत कुणाची नव्हती.

खरी गोष्ट अशी, की पद्माक्काला सगळं माहीत होतं. पातेलं घ्यायचं निमित्त करून ती सांगलीला जाऊन चष्म्याच्या दुकानात बसून आली होती. दुकानदारानं तीन-चार भिंगं लावून बघितली आणि शेवटी हात टेकले. "आजी, चष्म्याचं काम संपलं आता. मोतीबिंदू आहे. डॉक्टरांना दाखवा." पद्माक्कानं मान डोलवली, पातेलं घेतलं आणि घरी आली. पातेल्याची बातमी गल्लीभर झाली. मोतीबिंदूची काही झाली नाही.

आता कुणी म्हणेल, त्यात लपवण्यासारखं काय होतं? तर त्यासाठी पद्माक्काचा डोळा म्हणजे काय चीज होती, ते कळायला हवं.

पद्माक्काचं माहेर तासगावकडचं, द्राक्षबागेतलं. वडील तिला लहानपणी वेलीखाली उभी करायचे आणि विचारायचे, कुठला घड तयार झालाय सांग. ती न चाखता, नुसत्या रंगावरून सांगायची. तो डोळा घेऊन ती आवट्यांच्या घरी आली. अंगाची हळद उतरायच्या आत तिनं सासूच्या तुरीच्या डाळीत सोंडा दाखवला. सोंडा म्हणजे धान्यातला तो बारीक किडा, ज्याला चालताना बघायला सुद्धा नजर लागते. सासू त्या दिवशी जी गप्प झाली, ती जवळपास शेवटपर्यंत. तेव्हापासून गल्लीतल्या बाया सूप घेऊन पद्माक्काकडं येऊ लागल्या. सणावाराचं धान्य तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय चुलीवर चढेना. एकदा तर बस्तीतल्या मोठ्या जेवणासाठी त्रिशलाक्कानं दिलेलं तांदळाचं पोतं तिनं सगळ्यांदेखत परत पाठवलं.

"एकच तर सोंडा होता," त्रिशलाक्का अजून म्हणते.

"एक होता म्हणून त्याला जीव नव्हता व्हय?" हे पद्माक्काचं उत्तरही अजून तेच आहे.

अशा बाईनं मला दिसत नाही असं कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं वेगळाच मार्ग काढला. कुणी सूप आणलं की बोटं फिरवायची, सूप उजेडाकडं धरायचं, थोडा वेळ घ्यायचा आणि खेदानं मान हलवायची. "हाय गं. सोंडा हाय. परत निवड." दिसत नसताना चांगलं म्हणण्यापेक्षा वाईट म्हणणं कधीही सुरक्षित, हे तिनं ओळखलं होतं. त्या थंडीत गल्लीतल्या बायकांनी स्वच्छ धान्य तीन-तीनदा निवडलं. पद्माक्काची नजर म्हातारपणी आणखीच धारदार झाली, असं बोललं जाऊ लागलं.

पहिला घाव घातला तो धोंडुबाईनं. ती माण तालुक्यातली, दहिवडीच्या बाजूची. पाऊस सरला की ती आणि तिचा नवरा कोंडीबा मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचे आणि पायगोंडाअण्णांच्या रिकाम्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. धोंडुबाई ताक न्यायला परसदारी आली, तांब्या पुढं केला आणि पद्माक्काच्या तोंडाकडं बघतच राहिली.

"आक्का, डोळ्यात काय घातलंया?"

"काय न्हाई. का गं?"

"बुबुळात पांढुरकं दिसतंया. मोतीबिंदू हाय तुमास्नी."

"हळू बोल की!"

धोंडुबाई जन्मात कधी हळू बोलली नव्हती. चार शेतांपलीकडच्या मेंढराला ती इथून हाक मारायची.

"आवं, त्यात लाजायचं काय? माजा न्हाई का झाला! फुकटच्या शिबिरात नाव लावलं, गाडीत घालून साताऱ्याला नेलं, आन् झालं काम."

पद्माक्कानं इकडंतिकडं बघितलं आणि धोंडुबाईला आत ओढली. "दुखतं का गं लय?"

"दुखत न्हाई. पर काम लय मोठं असतंया. डोळा काढत्यात, ताटलीत ठिवत्यात, पाण्यानं खळखळून धुत्यात, फडक्यानं पुसत्यात, आन् परत बसिवत्यात."

पद्माक्कानं तळहातानं स्वतःचा डोळा झाकला. "तू बघितलंस हे?"

"कशानं बघणार? डोळा ताटलीत हुता की!"

"दुसऱ्या डोळ्यानं?"

"त्याच्यावर फडकं हुतं." धोंडुबाईनं ताकाचा तांब्या कमरेवर घेतला. "पर आता समदं लख्ख दिसतंया बगा. मेंढरू लांबनं वळखू येतंया. कोंडीबा बी येतो, तेवढंच जरा वाईट वाटतंया."

धोंडुबाईनं चांगल्या मनानं सांगितलं होतं. त्याचा परिणाम असा झाला, की पद्माक्का दवाखान्याचं नाव घेईना. त्या ताटलीनं तिची झोप उडवली. त्यातून तिनं स्वतःच्या माहेरच्या विद्येतून एक निकाल काढला, की मोतीबिंदू अजून पिकलेला नाही. कच्चा घड कुणी तोडतं का? साखर भरायच्या आत कात्री लावली तर माल आंबटच निघणार. डोळ्याचंही तसंच. पूर्ण पिकला की बघू. जुन्या लोकांकडूनही तिनं तेच ऐकलं होतं, त्यामुळं मनाला जोर आला. सकाळी उठून ती एक डोळा झाकून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघायची आणि तारखा आणखी पुसट झाल्या की समाधानानं म्हणायची, भरतोय.

आणि तेवढ्यात बस्तीत बातमी आली, की मुनीमहाराज विहार करत, म्हणजे गावोगाव पायी फिरत, येताहेत, पंधरवड्यात गावात पोचतील आणि चार दिवस मुक्काम आहे.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही उभ्यानं आणि हाताच्या ओंजळीत. घराघराच्या दारात जोडपी हातात कलश घेऊन उभी राहतात, नमोस्तु म्हणून विनवतात. महाराजांनी मनात काहीतरी नेम धरलेला असतो, तो कुणालाच ठाऊक नसतो. तो जिथं जुळेल त्या दारात ते थांबतात. मग त्या घरच्या शुद्ध केलेल्या स्वयंपाकघरात, ज्याला चौका म्हणतात, घरची माणसं घास नीट बघून ओंजळीत ठेवतात. आणि त्या घासात एखादा केस निघाला, एखादा किडा निघाला, की संपलं. महाराज तिथंच ओंजळ सोडतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाणी नाही.

पद्माक्का लग्न झाल्यापासून प्रत्येक वेळी दारात कलश घेऊन उभी राहिली होती. महाराज एकदाही तिच्या दारात थांबले नव्हते. त्रिशलाक्काच्या दारात दोनदा थांबले होते, आणि ते दोनदा त्रिशलाक्काचं किमान दोन हजारदा सांगून झालं होतं. पद्माक्काची आयुष्यात एकच इच्छा उरली होती, की स्वतःच्या हातानं एक घास द्यावा. आणि आता भीतीही एकच उरली होती, की त्या घासात केस निघाला तर? ज्या बाईनं गल्लीच्या सुपांतून सोंडे वेचले, तिच्या हातून महाराज उपाशी राहिले असं झालं तर?

"आई, आधी डोळा दाखवून घेऊ," दीपालीनं विषय काढला. तिला कसं कळलं हे पद्माक्कानं विचारलं नाही, कारण विचारलं की कबूल केल्यासारखं होतं.

"माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय?"

"बरं. पण चौक्यात मी थांबते तुमच्याबरोबर."

"तू? केस मोकळे सोडून शाळंत जातीस आणि चौक्यात थांबतीस? एक केस पडला म्हंजे?"

दीपाली गप्प बसली. गप्प बसणाऱ्या सुनांचं काय चाललंय याकडं सासवांनी लक्ष ठेवायला हवं, पण पद्माक्काचं लक्ष डाळीत होतं. डाळ तिला दिसत नव्हती, तो भाग वेगळा.

महाराज आले. पहिले दोन दिवस दुसऱ्या गल्लीत आहार झाला. तिसऱ्या दिवशी ते बस्तीतून निघून या गल्लीत वळले. दारादारातून नमोस्तुचा गजर उठला. त्रिशलाक्का दोन वेळच्या अनुभवाच्या तोऱ्यात सगळ्यात पुढं उभी होती. महाराज तिच्या दारासमोरून पुढं गेले. आवट्यांच्या दारासमोर आले. आणि थांबले.

पद्माक्काला आधी काही कळलंच नाही. तिला नुसता उजेडाचा एक उंच पट्टा समोर थांबलेला दिसला. पायगोंडाअण्णांनी कोपर मारलं तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटले. प्रदक्षिणा झाली, पाय धुतले, पूजा झाली. गल्लीतल्या बायका स्नान करून, धुतली लुगडी नेसून घास द्यायला आत आल्या. त्यांत त्रिशलाक्का होतीच. दुसऱ्याच्या घरी का होईना, घास द्यायचा मान असतो, आणि काही चुकलंच तर ते जवळून बघायला मिळतं.

महाराजांनी ओंजळ पुढं केली. पद्माक्कानं भाताची वाटी हातात घेतली.

महाराजांच्या मागं खिडकी होती आणि सकाळचं ऊन थेट तिच्या डोळ्यांत घुसत होतं. मोतीबिंदूच्या डोळ्याला समोरचा उजेड फार वाईट. सगळं एकाच पांढऱ्या धुरात विरघळतं. वाटी पांढरी, भात पांढरा, ओंजळीपलीकडं पांढरं. आणि त्या सगळ्या पांढऱ्यात तिला भातावर एक रेघ दिसली. बारीक, वाकडी. तो केस होता, की सावली होती, की तिच्या डोळ्यातलंच काही होतं? तिनं पापण्या मिटून उघडल्या. रेघ गेली. पुन्हा आली.

ओंजळ समोर थांबली होती. अण्णांना ती आतापर्यंत काहीही सांगू शकली होती, सूर्य मावळला म्हणून सुद्धा. इथं मात्र खोटं बोलायला तिची जीभ वळेना.

"त्रिशला," ती म्हणाली, आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "ही वाटी तू बघ. मला दिसत न्हाई."

त्रिशलाक्काचं तोंड उघडं राहिलं. एवढ्या वर्षांच्या लढाईत शत्रूनं असं हत्यार टाकावं ही तिची अपेक्षाच नव्हती. तिनं वाटी घेतली. नाकाजवळ नेली. मग हात लांब करून धरली. मग पुन्हा नाकाजवळ. आणि मग ती पद्माक्काच्या कानाशी वाकली.

"अक्का, मला तरी कुठं दिसतंय गं? माडीवरनं उतरताना भिंत चाचपत उतरते मी."

पद्माक्कानं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी छताकडं बघितलं. त्यांचा चष्मा रानात राहिला होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी पुढं आलं. न्हाऊन धुतलेलं लुगडं नेसलेली, सगळे केस आवळून बांधून डोक्यावरून घट्ट पदर घेतलेली दीपाली. तिनं त्रिशलाक्काच्या हातातली वाटी घेतली, उजेडाला पाठ करून उभी राहिली आणि बघितली.

"केस नाही. तुपाचा ओघळ आहे," ती हळूच म्हणाली. "द्या आई तुम्ही. मी बघते, तुम्ही द्या."

मग प्रत्येक घास दीपालीनं बघितला आणि पद्माक्कानं दिला. एक घास त्रिशलाक्कानंही दिला, दीपालीनं बघून. आहार निर्विघ्न पार पडला. त्या वेळी महाराज जरासं हसले की नाही, याबद्दल गल्लीत दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतं मांडणाऱ्यांना तेव्हा दिसत नव्हतं.

आहारानंतर महाराज पाटावर बसले, तेव्हा पद्माक्का हात जोडून म्हणाली, "महाराज, माझा डोळा गेलाय आणि मी तो लपवला." आता शास्त्रातलं काही मोठं ऐकायला मिळणार, प्रायश्चित्त मिळणार, म्हणून तिनं पदर सावरला.

"डॉक्टरांना दाखवलं का?" महाराजांनी विचारलं.

बस, एवढंच.

ते गेल्यावर पद्माक्कानं सुनेला धरलं. "तू तयार कशी काय हुतीस गं?"

"दिवाळीपासून तयार आहे," दीपाली म्हणाली. "तुम्ही निवडलेली डाळ मी रोज पुन्हा निवडते."

"म्हंजे तुला ठाऊक हुतं?"

"मला, यांना, अण्णांना. त्रिशलाकाकूंना. धोंडुबाईंनी बांधावरून ओरडून कोंडीबांना सांगितलं, तेव्हा बाकीच्यांनाही कळलं."

पद्माक्का भिंतीला टेकून खाली बसली. आपण गल्लीपासून एक गोष्ट लपवली आणि सगळी गल्ली आपल्यापासून तीच गोष्ट लपवत होती, हे पचायला वेळ लागतो. "आणि परत परत धान्य निवडायच्या त्या बाया?"

"त्या म्हणाल्या, म्हातारीचं मन कशाला मोडा."

पुढच्याच आठवड्यात पद्माक्का आणि त्रिशलाक्का सांगलीत डोळ्याच्या डॉक्टरीणबाईसमोर शेजारीशेजारी बसल्या. डॉक्टरीण रहिमतपूरची, शिवांजली नावाची, वयानं दीपालीएवढी. तिनं दोघींच्या डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि यंत्रातून आत बघितलं.

"कुणाचा जास्त पिकलाय?" पद्माक्कानं पहिला प्रश्न विचारला.

"तुमचा, आजी."

पद्माक्कानं त्रिशलाक्काकडं विजयी मुद्रेनं बघितलं.

"ते काही चांगलं नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पूर्वी पिकायची वाट बघायचे, कारण तेव्हा मोठी चीर देऊन, टाके घालून अख्खं भिंग बाहेर काढायचे. आता तसं नाही. दिसायला अडचण झाली की काढायचा. जास्त थांबलात की आतला गर वाळून कडक होतो, बेदाण्याचा खडा व्हावा तसा. मग फोडायला त्रास. कधीकधी फुगून डोळ्यातला दाब वाढतो, आणि मग नजर परत येईलच असं नाही."

पद्माक्काची विजयी मुद्रा उतरली. "आणि ती ताटली?"

"कुठली ताटली?"

पद्माक्कानं धोंडुबाईची सगळी कहाणी सांगितली. डॉक्टरीणबाईनं हसू दाबलं. "डोळा कुणी बाहेर काढत नाही. माहेर कुठलं तुमचं?"

"तासगावचं."

"मग द्राक्ष डोळ्यांपुढं आणा. बाहुलीमागं एक भिंग असतं, द्राक्षासारखं सालीत बसलेलं. लहानपणी काचेसारखं स्वच्छ असतं, वयानं गढूळ होतं. तोच मोतीबिंदू. आम्ही भाताच्या शितापेक्षाही बारीक चीर देतो, साल तशीच ठेवतो, आतला गर यंत्रानं बारीक करून ओढून घेतो आणि त्याच सालीत घडी घातलेलं नवं भिंग सरकवतो. ते आत जाऊन उलगडतं. टाकाही बहुधा लागत नाही."

"नवं भिंग कशाचं असतं? जनावराचं?"

"नाही. प्लास्टिकच्या जातीचं. कुठल्याही जिवाचं नाही."

हा प्रश्न त्रिशलाक्कालाही विचारायचा होता. पद्माक्कानं आधी विचारला म्हणून ती जरा रुसली, आणि मग ऑपरेशन माझंच पहिलं, असा हट्ट धरून तिनं तो भरून काढला. रक्तदाब, साखर, डोळ्याची मापं असं सगळं झालं. त्रिशलाक्काचा एक डोळा आदल्या दिवशी झाला, पद्माक्काचा दुसऱ्या दिवशी. भूल थेंबांची. पद्माक्का जागीच होती. णमोकार मंत्र म्हणत होती, डोळ्यांपुढं रंगीत उजेड हलत होता. मंत्राची माळ पुरी व्हायच्या आत डॉक्टरीण म्हणाली, "झालं आजी." पद्माक्काला वाटलं, आता ताटली येईल.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा तिनं पहिल्यांदा अण्णांकडं बघितलं.

"आवं, हा सदरा निळा हाय?"

"मग कसला हाय?"

"मळका समजून किती घासला मी!"

घरी आल्यावर पथ्यं सुरू झाली. डोक्यावरून पाणी नाही, डोळा चोळायचा नाही, चुलीच्या धुरात जायचं नाही, वजन उचलायचं नाही, काळा चष्मा लावायचा आणि वेळेवर थेंब घालायचे. यातला शेवटचा थेंब दिवस मावळल्यावरचा. तिथं पद्माक्का अडली. दीपालीनं थेंब घातला आणि थोड्या वेळानं पद्माक्का ताडकन उठून बसली.

"घशाशी कडू लागलं! म्हंजे पोटात गेलं! रात्रीचं!"

दीपालीनं फोन लावला. डॉक्टरीणबाईनं समजावलं, की डोळ्यातून नाकात उतरणारी एक बारीक वाट असते, तिथून औषध घशाशी येतं, त्यात नवल नाही. पण थेंब चुकवायचा नाही. घातल्यावर डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं हलकेच दाबून ठेवायचा, की ती वाट बंद. पद्माक्कानं त्या बोटाला असं काही कामाला लावलं, की समोरच्या माडीवर त्रिशलाक्काही त्याच वेळी तसंच बोट दाबून बसू लागली. दोघी एकमेकींना दिसत होत्या. आता नीट दिसत होत्या.

जेवणं पुन्हा गल्लीच्या वेळेवर आली. भरतेशनं सवयीनं आठवडाभर भेळ खाल्ली आणि घरी नाटक करत जेवला.

पथ्यं सुटली तेव्हा महाराज तासगावच्या बाजूला एका गावात मुक्कामाला होते. तिथं पद्माक्काच्या भावाचं घर. भरतेशनं दोघी म्हाताऱ्यांना गाडीत घालून नेलं. भावाच्या दारात महाराज थांबले आणि चौक्यात पद्माक्काच्या हातात पुन्हा एकदा भाताची वाटी आली.

या वेळी दीपाली बरोबर नव्हती. पद्माक्कानं उजेडाला पाठ केली आणि वाटीत बघितलं. भातात एक केस होता. या वेळी शंका नव्हती. तिनं ती वाटी आवाज न करता मागं सारली, हात धुतले, दुसरी वाटी घेतली, शीत न् शीत बघितलं आणि घास दिला. मग दुसरा. आहार पुरा झाला.

त्या केसाबद्दल ती कुणाला अवाक्षर बोलली नाही. भावजयीला नाही, भरतेशला नाही, घरी आल्यावर अण्णांनाही नाही. सासूच्या घरी पहिल्याच आठवड्यात सोंडा दाखवणारी बाई या वेळी गप्प बसली.

तरी गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. चौक्यात शेजारी त्रिशलाक्का उभी होती, आणि डोळा तिचाही झाला होता.

"केस होता, मी बघितला," त्रिशलाक्का बस्तीच्या पायरीवर बसून सांगत होती. "पांढरा केस होता. म्हणजे पद्माक्काचाच."

पद्माक्का मागून आली ते तिला दिसलं नव्हतं, कारण एकच डोळा झाला होता आणि पद्माक्का नेमकी दुसऱ्या बाजूनं आली होती.

"पांढऱ्या भातात पांढरा केस दिसला तुला, त्रिशला?" पद्माक्का तिच्या शेजारी पायरीवर बसली. "चला, डॉक्टरीणबाईचं काम चांगलं झालं म्हणायचं. आता हा दुसरा राहिलेला कवा काढायचा बोल. या वेळी पहिला नंबर माझा."